स्प्रिंग बदलण्याआधी टेप हातात घ्या

शोरूममधून बाहेर पडणारी स्नोमोबाइल, म्हणजे आमच्या बोलीत स्लेड, मध्यम बांध्याच्या माणसासाठी जुळवलेली असते. कारखान्याला कुठलं तरी एक वजन गृहीत धरावंच लागतं, त्यात गैर काही नाही. पण मी त्या गणितात बसत नाही. माझं वजन २६५ पौंड, म्हणजे १२० किलो. कोल्हापूरच्या तालमीत अंग कमावलेलं, हाडापेराने थोराड. त्यावर हेल्मेट, बूट, जाड सूट आणि पाठीवरची पिशवी मिळून आणखी २५ पौंड. सीटवर बसतो तेव्हा यंत्रावर २९० पौंडांचा भार येतो. मिनेसोटात, मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओत स्लेड चालवणारी मराठी माणसं आता मला भेटू लागली आहेत. त्यांच्यात धिप्पाड लोक आहेत, आणि नवरा-बायको एकाच यंत्रावर बसून जाणारेही आहेत. हा मजकूर त्यांच्यासाठी.

माझी स्लेड मी वापरलेली घेतली. पहिल्याच हिवाळ्यात लक्षात आलं की मागचं सस्पेन्शन दर दोन-चार उंचवट्यांनंतर तळाला आपटतंय. ‘ठक्’ असा आवाज यायचा आणि धक्का थेट कमरेच्या मणक्यात शिरायचा. या धक्क्याकडे दुर्लक्ष करू नका. बसलेल्या स्थितीत खालून वर येणारा आघात पाठीच्या आणि कमरेच्या सांध्याजवळचा मणका चेपू शकतो. स्नोमोबाइलवरच्या दुखापतींत असे मणक्याचे अस्थिभंग डॉक्टरांना परिचित आहेत. आपटण्याशिवाय आणखी एक त्रास होता. मागची बाजू इतकी दबायची की पुढच्या स्की हलक्या पडायच्या. हॅण्डल वळवलं तरी स्लेड सरळच पुढे घसरत जायची. रात्री हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

मी एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने एकच प्रश्न विचारला, वजन किती. मी सांगितलं. त्याने त्या मॉडेलला बसणाऱ्या स्प्रिंगांपैकी सर्वांत जाड जोडी काढली आणि दोन दिवसांत बसवून दिली. स्लेड कुणी मोजली नाही, शॉकला कुणी हात लावला नाही, पुढच्या बाजूकडे कुणी पाहिलं नाही. तळाला आपटणं मात्र थांबलं, आणि गुळगुळीत ट्रेलवर यंत्र एकदम ताठ आणि आज्ञाधारक वाटू लागलं.

खरा प्रकार नॉर्थ शोअर ट्रेलवर कळला. डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत सुपीरियर सरोवराच्या काठच्या डोंगररांगेतून जाणारा हा १४६ मैलांचा रस्ता. रात्री ग्रूमर फिरून बर्फ सपाट करतो, पण शनिवारी दुपारपर्यंत शेकडो स्लेड जाऊन त्यावर ओळीने उंचवटे तयार होतात. वळणांच्या आधी ब्रेक लावल्याने आणि वळणांनंतर वेग घेतल्याने ते अधिकच खोल होतात. फिनलंड गावाच्या अलीकडे अशाच एका वळणावर मागची बाजू पहिल्या उंचवट्यावर उडाली, खाली येते न येते तोच दुसऱ्यावर त्याहून जोरात उडाली. सगळा भार पुढे गेला, आतल्या बाजूची स्की बर्फात रुतली आणि स्लेड जागच्या जागी फिरली. मी बाजूच्या बर्फाच्या ढिगाऱ्यावर फेकला गेलो. दोन बरगड्या मोडल्या. झाडं दहा-बारा फुटांवर होती. मागून येणाऱ्या मित्राने आपली स्लेड वेळीच थांबवली म्हणून पुढचं टळलं.

बरगड्या भरून येईपर्यंत घरी बसावं लागलं. त्या काळात मी मॅन्युअल वाचलं, जुन्या स्प्रिंगा गॅरेजमध्ये काढून मोजल्या, आणि शॉक दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडे जाऊन बसलो. तिथे जे शिकलो ते सांगतो.

स्नोमोबाइलच्या बर्फावर फिरणाऱ्या पट्ट्याच्या आत दोन रेल असतात. त्यांना यंत्राच्या सांगाड्याशी जोडणारे दोन हात, एक पुढचा आणि एक मागचा. पुढच्या हाताला बहुधा एक शॉक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग. मागच्या हाताला शॉक वेगळा आणि डावी-उजवी अशी टॉर्शन स्प्रिंगांची जोडी. ही टॉर्शन स्प्रिंग दाबली जात नाही, पिळली जाते. बसणाऱ्याचं वजन मुख्यतः याच जोडीवर येतं. सगळ्याच स्लेडमध्ये अशी रचना नसते. डोंगरातल्या खोल बर्फासाठीच्या अनेक यंत्रांत मागेही गुंडाळलेली स्प्रिंग किंवा हवेचा शॉक असतो. ट्रेलवरच्या बहुतेक स्लेडमध्ये मात्र टॉर्शन स्प्रिंगाच भेटतात.

तर पहिली समजूत मोडायची ती प्रीलोडची. स्प्रिंगचं टोक ज्या कॅमवर टेकतं, तो कॅम फिरवला की यंत्राची मागची बाजू उचलली जाते. लोकांना वाटतं स्प्रिंग कडक झाली. आपल्याकडे मोटरसायकलवर तिघं बसायचे असले की मागच्या शॉकचे खटके वर चढवतात, तसंच हे. पण खटका चढवल्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. ती फक्त आधीच थोडी पिळून ठेवली जाते. सुरुवातीचा आधार वाढतो, पण त्यानंतरच्या प्रत्येक इंचाला लागणारा जोर तेवढाच राहतो. कॅम शेवटच्या खाचेवर असूनही स्लेड बसतेच आहे, असं दिसलं तर समजा की स्प्रिंगच कमी पडते आहे.

दुसरी गोष्ट तारेच्या जाडीची. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना हे सूत्र आठवेल, बाकीच्यांनी नुसता निष्कर्ष लक्षात ठेवावा. वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच असेल तर टॉर्शन स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. माझ्या स्लेडची मूळ तार ०.३४७ इंचाची, म्हणजे सुमारे ८.८ मिलिमीटर. तिच्या जागी ०.३७५ इंचाची घातली तर डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो, पण कडकपणा ३६ टक्क्यांनी वाढतो. दुकानाने मला घातली होती ०.४०५ इंचाची. तिचा कडकपणा मूळ स्प्रिंगच्या ८६ टक्के अधिक. दीड मिलिमीटर जाडी वाढली आणि जोर जवळजवळ दुप्पट झाला. म्हणून ‘जरा जाड दे’ किंवा ‘सगळ्यात जाड दे’ असं कधीही सांगू नका. दोन स्प्रिंगांच्या तारेची जाडी विचारा, एकीला दुसरीने भागा, आणि येणारी संख्या चार वेळा मांडून गुणा. हा हिशेब फोनवरच होतो. वेटोळ्यांची संख्या किंवा टोकांमधला कोन वेगळा असेल तर तो लागू पडत नाही, तेव्हा तेही विचारून घ्यायचं.

आता मोजणीकडे येतो, कारण सगळ्याचा पाया तोच आहे. एक टेप आणि दोन माणसं एवढंच लागतं. स्लेड सपाट फरशीवर ठेवायची. मागचा बंपर धरून यंत्र इतकं वर उचलायचं की सस्पेन्शन पूर्ण उघडं होईल, पण पट्टा अजून जमिनीला टेकलेला असेल. बंपर जमिनीपासून किती उंच आहे ते लिहायचं. मग यंत्र हळू सोडून, दोन-तीनदा हलवून, स्वतःच्या वजनाने बसू द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. मग तुम्ही पूर्ण तयारीनिशी, हेल्मेट-बूट घालून, पिशवी पाठीवर घेऊन, चालवताना बसता तसे बसायचं, आणि दुसऱ्याने मोजायचं. घरच्या कपड्यांत बसून घेतलेल्या मापाचा उपयोग नाही. स्लेडचे जाणकार या बसण्याला सॅग म्हणतात. बसल्यावरची एकूण सॅग मागच्या बाजूच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावी, हा सर्वमान्य ठोकताळा. आणि माणूस नसतानाही यंत्र थोडंसं, साधारण इंचभर तरी, बसलं पाहिजे. ते का, ते पुढे सांगतो.

माझ्या स्लेडला बंपरपाशी १४ इंचांची हालचाल. म्हणजे मी बसल्यावर साडेतीन ते पावणेपाच इंचांच्या दरम्यान बसायला हवी. जुन्या स्प्रिंगांवर, कॅम शेवटच्या खाचेवर असताना, ती साडेसहा इंच बसत होती. निम्मी हालचाल उंचवटा येण्याआधीच संपलेली! दुकानाने घातलेल्या जाड जोडीवर ती अडीच इंचच बसत होती, आणि मी उतरल्यावर तर अर्ध्या इंचाहूनही कमी. सस्पेन्शनला आणखी उघडायला जागाच उरली नव्हती. इथेच लोक चुकतात, कारण सगळ्यांचं लक्ष दाबल्या जाण्याकडे असतं. उंचवट्यानंतर खड्डा येतो तेव्हा पट्टा खाली उतरून बर्फाला धरून राहायला हवा. सस्पेन्शन आधीच पूर्ण उघडं असेल तर पट्टा उतरत नाही, यंत्राची मागची बाजू हवेत राहते आणि पुढच्या उंचवट्यावर धाडकन आदळते. फिनलंडजवळ हेच झालं.

मधली ०.३७५ इंची जोडी मी नंतर घातली. तिच्यावर सॅग सव्वाचार इंच आली आणि रिकामी स्लेड सव्वा इंच बसू लागली. स्लेड बदलली नव्हती, माणूस तोच, ट्रेल तीच.

आता रिबाउंडबद्दल, कारण जाड स्प्रिंगची किंमत इथे चुकवावी लागते. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते; परत देण्याचा वेग आवरण्याचं काम शॉकमधल्या तेलाचं. कडक स्प्रिंग अधिक जोराने उसळते. शॉक मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगला पुरेल एवढाच रोध देतो. परिणामी मागची बाजू घोड्यासारखी उधळते. तपासायची सोपी रीत अशी: बंपर जोराने खाली दाबून सोडा. तो वर येऊन एकदाच स्थिर झाला तर ठीक. वर जाऊन पुन्हा खाली, पुन्हा वर, असा झुलत राहिला तर रोध कमी आहे. शॉकवर रिबाउंडचा खटका असेल तर एकेक खूण बंद करत पुन्हा तपासा. नसेल तर शॉक उघडून आतल्या पातळ पत्र्यांची रचना बदलावी लागते. हे काम गॅरेजमध्ये करायचं नाही. बऱ्याच शॉकमध्ये नायट्रोजन दाबाने भरलेला असतो आणि तो सोडण्याची-भरण्याची साधनं फक्त जाणत्या कारागिराकडे असतात. याला पैसे लागतात, पण जे स्प्रिंगला पैसे देतात आणि शॉकला नाही, त्यांनी निम्मंच काम केलेलं असतं. चाचणी थंड गॅरेजमध्ये करू नका. उणे वीस अंशांत तेल घट्ट होतं आणि शॉक खोटा चांगला वाटतो. वीस मिनिटं चालवून या, मग दाबा.

उलट दिशेनेही सावध राहायला हवं. सॅग बरोबर आहे, तरीही तळाला आपटतंय, असं असेल तर दोष बहुधा स्प्रिंगचा नसतो. शॉकचं तेल जुनं झालेलं असतं किंवा नायट्रोजन निघून गेलेला असतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी याच कारणासाठी नवी स्प्रिंग घेतली होती. शॉकची सर्व्हिसिंग केल्यावर त्यांना जुनी परत घालावी लागली. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी शॉक तपासायचे, मग सॅग मोजायची, मग स्प्रिंग निवडायची. ज्यांच्याकडे हवेचे शॉक आहेत त्यांनी दाब घरातल्या उबेत भरू नये. वीस अंशांच्या घरात शंभर पीएसआय भरून उणे पंचवीसमध्ये गेलात तर दाब सहाव्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक घटलेला असतो. पंप बरोबर न्यावा आणि स्लेड बाहेर तासभर उभी राहिल्यावर भरावा.

मागची बाजू उचलली की पुढची बदलते, हे विसरू नका. मऊ स्प्रिंगवर स्की हलक्या होत्या. आता त्यांच्यावर भार वाढेल, हॅण्डल जड होईल आणि स्लेड दुसऱ्यांच्या स्कींनी पाडलेल्या चऱ्यांमागे डावी-उजवीकडे ओढली जाईल. तसं झालं तर लिमिटर पट्ट्याकडे पाहा. पुढच्या हाताची खाली जाण्याची मर्यादा हा पट्टा ठरवतो. तो एक भोक आखडला की स्कींवर भार वाढतो, सैल सोडला की कमी होतो. रेलच्या पुढच्या शॉकवरची स्प्रिंग घट्ट केली तरी स्की हलक्या होतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, त्याच ट्रेलवरून पाच-सहा मैल जाऊन या, वहीत लिहा, मग दुसरी. शिवाय मागची उंची बदलली की बर्फावर फिरणाऱ्या पट्ट्याचा ताण बदलतो. तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने पुन्हा तपासा. सैल पट्टा गिअरच्या दातांवरून उडी मारतो.

दोघं बसणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. आठवड्याला एकदा बायको मागे बसते म्हणून तिच्या वजनाला पुरेल अशी स्प्रिंग कायमची घालू नका. एकट्याने जाताना तुम्हाला ती जाड पडेल. नेहमी जो भार असतो त्याला स्प्रिंग निवडायची, आणि अधूनमधूनच्या भाराला कॅमच्या वरच्या खाचा वापरायच्या. प्रीलोडचं खरं काम हेच. काही स्लेडमध्ये पुढचा आणि मागचा हात एकत्र हलण्याचं प्रमाण ठरवणारे ठोकळे असतात, तेही दोघं असताना कडक बाजूला घेता येतात.

बसवण्याबद्दल थोडं, पण लक्षपूर्वक वाचा. पिळलेली टॉर्शन स्प्रिंग सुटली तर बोटं मोडू शकते, डोळा फोडू शकते. स्प्रिंगचं टोक ओढण्याचं लांब दांड्याचं खास हत्यार मिळतं, तेच वापरा. स्क्रू-ड्रायव्हर आणि पक्कडीने हे काम करू नये. डोळ्यांवर चष्मा हवा. मागची बाजू जॅकवर घेऊन सस्पेन्शन पूर्ण सैल करा आणि कॅम सर्वांत खालच्या खाचेवर आणा, म्हणजे ताण कमीत कमी राहील. डावी आणि उजवी स्प्रिंग एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात, त्या अदलाबदल होत नाहीत. जोडी नेहमी एकत्र बदला. एक तुटली म्हणून एकच नवी घातली तर स्लेड एका बाजूला कलते. हे सगळं जमणार नाही असं वाटलं तर दुकानात द्या, पण मोजमाप स्वतःचं घेऊन जा आणि दुकानात तुमच्यासमोर पुन्हा सॅग मोजायला सांगा. नकार देणाऱ्या दुकानातून निघा.

सुरुवातीच्या काळात हे सगळं नव्हतं. मिनेसोटातल्याच रोझो गावात पोलारिसची पहिली स्नोमोबाइल १९५४ च्या सुमारास तयार झाली, क्वेबेकमधल्या वॅल्कूरच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिये यांची स्की-डू १९५९ मध्ये बाजारात आली. स्की-डूचा पट्टा छोट्या चाकांच्या संचांवर फिरायचा, आणि त्या काळच्या यंत्रांना सस्पेन्शन असलंच तर ते जेमतेम हलायचं. १९६० मध्ये पोलारिसचे सहसंस्थापक एडगर हेटीन त्या सुरुवातीच्या यंत्रांवर बसून अलास्कात हजाराहून अधिक मैल गेले होते. त्या चालकांची एक सवय आजही कामाची आहे. उंचवटे दिसले की ते फूटबोर्डवर पाय रोवून, गुडघे वाकवून सीटवरून अंग उचलायचे. वजनदार चालकाला याचा सर्वांत अधिक फायदा होतो. गुडघे धक्का पितात आणि मणक्यापर्यंत पोचू देत नाहीत. वेगाचंही तसंच. मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि तळ्यांवर मर्यादा ताशी ५० मैलांची आहे, पण उंचवट्यांच्या दुपारी २५ देखील पुष्कळ. आणि १९७६ नंतर जन्मलेल्यांना इथे सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो. आपल्यापैकी बहुतेक जण त्यात येतात. तो कोर्स मनापासून करा.

काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरका. बर्फ पडल्यावर शॉकवाल्या कारागिराकडे रांग असते आणि घाईत मोजमाप होत नाही. शेवटी जे जुळलं ते लिहून ठेवा: तारेची जाडी, कॅमची खाच, लिमिटरचं भोक, शॉकच्या खुणा, तुमचं तयारीनिशी वजन. मी हे एका पट्टीवर लिहून सीटखाली चिकटवलं आहे. काढलेल्या मूळ स्प्रिंगांना डावी-उजवी अशी चिठ्ठी बांधून त्या कपाटात ठेवल्या आहेत. कधी ही स्लेड विकली आणि घेणारा सत्तर किलोंचा निघाला, तर त्या त्याच्या स्वाधीन करायच्या आहेत.